चहा थंड झाला का?

अक्का चहा पीत नसत, संपवत असत. कप हातात आला की चहा बशीत ओतायचा, बशी ओठांना लावायची आणि एका दमात रिकामी करून खाली ठेवायची. तोवर समोरच्या माणसाने स्वतःचा कप उचललेलाही नसे. एवढा वाफाळता चहा घशाखाली उतरतो कसा, हे मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कामाचा भाग आहे." मला वाटलं, बाई थट्टा करतायत. अक्का थट्टा फार कमी करत आणि केली तरी ती थट्टा होती हे आपल्याला घरी गेल्यावर कळे. म्हणून मी तो विषय सोडून दिला.

जळगावात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि अक्का. पुण्याच्या एका सर्व्हे कंपनीची ही खानदेश शाखा. कुठल्यातरी मोठ्या कंपनीला आपला साबण कोण वापरतं, आपली जाहिरात कुणी पाहिली, आपलं नवं बिस्कीट लोकांना ठाऊक आहे का, असं काही जाणून घ्यायचं असलं की पुण्याहून प्रश्न यायचे आणि आम्ही चार-पाच जणी टॅब घेऊन जळगाव-धुळ्याच्या गल्ल्या आणि आसपासची गावं पालथी घालायचो. माझं माहेर भुसावळचं, सासर जळगावातलं. लग्नानंतरची सगळी वर्षं घरात काढल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी. पगार बेताचाच होता, पण सकाळी पर्स खांद्याला लावून "येते मी" म्हणत जिना उतरण्यात जे सुख होतं, ते मला आजवर दुसऱ्या कशात सापडलेलं नाही.

अक्का या ऑफिसच्या प्रमुख. वय पन्नाशीच्या पुढे, साडी घोट्याच्या बरीच वर, पायात पुरुषी स्पोर्ट शूज, मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ आणि डोक्यापासून नाकापर्यंत गुंडाळलेला सुती स्कार्फ. पर्समध्ये बारा महिने एक कांदा. ऊन लागू नये म्हणून उन्हाळ्यात कांदा जवळ ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण अक्कांचा कांदा दिवाळीतही असायचा. दुपारी भाकरीबरोबर तोच कांदा बुक्कीने फोडून खायचा आणि संध्याकाळी नवा घ्यायचा. स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. अर्थशास्त्रात एम. ए. केल्याचं त्या रिक्षावाल्यालाही सांगत. भाडं ठरवताना तर हमखास.

त्यांचा एक नियम होता. ज्या वस्तूचा सर्व्हे घ्यायचा ती वस्तू घरात आणायची नाही. "ज्याचं माप काढायचं त्याच्या प्रेमात पडायचं नाही," असं त्या म्हणत. इतकी वर्षं सर्व्हे केल्यामुळे त्यांच्या घरातून एकेक वस्तू हद्दपार होत गेली होती. आधी साबण गेला, मग केसांचं तेल, मग टूथपेस्ट, मग पाकिटातली चहापत्ती. त्या डाळीच्या पिठाने अंघोळ करत, घाण्यावरचं तेल लावत आणि सुटा चहा पुडीत बांधून आणत. त्यांचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले, अगदी शांत गृहस्थ. ते मला एकदा हळूच म्हणाले, की हिच्याकडे मिठाचा सर्व्हे येऊ नये, एवढंच देवाकडे मागणं आहे.

पण अक्कांचा खरा वैरी होता तो 'हो' हा शब्द. कुणी पटकन 'हो' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आपल्या भागात दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं जिवावर येतं, हे त्या मला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. ही नवी टूथपेस्ट माहीत आहे का? हो. आवडेल का? हो तर. एक ते दहापैकी किती गुण द्याल? दहा. बाई उन्हातून आली, तिला सात देऊन कसं पाठवायचं? "होकार हा इथे पाहुणचार असतो," अक्का म्हणत, "उत्तर नसतं." पुण्याला मात्र होकार फार प्रिय होता. बाकीच्या शाखांकडून भरभरून 'हो' जायचे आणि आमच्याकडून जाणाऱ्या आकड्यांत अक्कांनी गाळून गाळून निम्मेच ठेवलेले असायचे. बड्या कंपन्यांना वाटे, खानदेशातली माणसं मुलखाची रुक्ष आहेत. आणि दर वेळी पुण्याहून फोन यायचा.

असाच एक फोन त्या वर्षी गणपतीनंतर आला. एक परदेशी कंपनी टीव्हीला जोडून खेळायचं नवं यंत्र बाजारात आणणार होती. कन्सोल म्हणतात त्याला. एक चपटा डबा आणि दोन्ही हातांत धरून खेळायचं बटणांचं रिमोट. अक्का पहिल्यापासून त्याला 'डबा' म्हणाल्या आणि मग आम्हीही. डबा यायला दोन-अडीच महिने होते. तो येतोय हे जळगाव-धुळ्याकडे किती जणांना ठाऊक आहे आणि त्यांना त्याची कितपत ओढ लागली आहे, हे आम्ही मोजायचं होतं. पुण्याचे साहेब वयाने माझ्याएवढेच, बोलायला गोड. त्यांनी गोड शब्दांतच सांगितलं की वरच्यांना आता खानदेशची शाखा परवडत नाही. या वेळी पुण्याहून फोनवरूनही हाच सर्व्हे होणार आहे. तुमचे आकडे पुन्हा विचित्र आले, तर पुढलं सगळं काम फोनवरच होईल आणि जळगावचं ऑफिस बंद करावं लागेल.

अक्कांनी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. फोन संपल्यावर त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "चला, डब्याच्या मागे लागू." मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. नोकरी गेली तर पुन्हा घरात बसायचं, हाच विचार पानावर बसल्यावरही डोक्यात फिरत होता.

आम्ही सुरुवात केली ती असोद्यापासून. जळगावला लागूनच गाव, केळी आणि कापसाचं. एका घरी ओट्यावर एक आबा बसले होते. सत्तरीचे असतील. अक्कांनी विचारलं, की टीव्हीवर खेळायचा एक नवा डबा येणार आहे, त्याचं नाव ऐकलंय का? आबा म्हणाले, ऐकलं ना. अक्कांनी विचारलं, घ्याल का? आबा म्हणाले, घेऊ ना. मग अक्कांनी डोळे बारीक करून विचारलं, की कुणाकडे पाहिलाय का हो आबा, चालतो कसा?

"मांगच्या साली माह्या साडूनं आनला," आबा म्हणाले. "लय चांगला चालते."

जगात कुठेही विक्रीला न आलेला डबा आबांच्या साडूकडे वर्षभर चालत होता. मी तोंडावर पदर घेतला. अक्का अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी आबांना नीट समजावून सांगितलं, की डबा अजून निघालेलाच नाही. आबा जरा ओशाळले, पण लगेच सावरले. "तुम्ही येवढ्या उन्हाच्या आल्या," ते म्हणाले. "तुमाले नाही कसं म्हनू?" आणि निघताना त्यांनी आम्हाला भरताची वांगी दिली, पिशवी भरून. असोद्याची वांगी ती. त्या सर्व्हेतून त्या दिवशी आमच्या हाती लागलेली एकमेव खरी गोष्ट.

परत येताना अक्कांनी स्कूटर लेंडी नाल्याच्या पुलाआधी थांबवली. अक्का स्कूटर रस्त्याच्या मधोमध चालवत आणि हॉर्न कधी वाजवत नसत, त्याऐवजी "सरका" म्हणून ओरडत. तर स्कूटर थांबवून त्या मला म्हणाल्या, की आता तुला माझी खरी रीत सांगते. प्रश्न विचारून झाले की माणसाकडे बघायचं नाही, त्याच्या चहाकडे बघायचं. नुसता हो म्हणणारा माणूस हो म्हणतो आणि चहा पितो. ज्याला खरीच ओढ असते तो सांगत सुटतो, हातवारे करतो, मोबाईल काढून दाखवतो आणि त्याचा कप तसाच राहतो. कपावर साय धरली की समजायचं, उत्सुकता खरी. टॅबवर शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात लिहायचं, 'चहा गरम' किंवा 'चहा थंड'.

मला ही रीत इतकी आवडली की मी ती दुसऱ्याच दिवशी पहूरला वापरून पाहिली. अक्का बरोबर नव्हत्या. जामनेर तालुक्यातलं हे मोठं गाव, बाजारपेठेचं. मी घराघरांत बसले, मन लावून प्रश्न विचारले, उत्तरं टॅबवर भरली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून कपांवर नजर ठेवली. काय सांगू, पहूरमध्ये घरटी चहा थंड होत होता. आजोबांचा थंड, सुनेचा थंड, शेजारून डोकवायला आलेल्या मावशींचाही थंड. मी बसमधून येताना हवेत होते. ऑफिसात शिरल्या शिरल्या जाहीर केलं, की पहूर म्हणजे डब्यासाठी वेडं झालेलं गाव आहे.

अक्कांनी शांतपणे विचारलं, "तू तुझा चहा कधी प्यायलीस?"

मी म्हटलं, मी कुठला पिणार? मी तर टॅब भरत होते. शेवटी निघताना घोटभर घ्यायचे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणीने कप तोंडाला लावल्याशिवाय आपल्याकडे घरचा माणूस चहा पीत नाही. मी टॅबवर बोटं फिरवत बसले होते आणि अख्खं पहूर माझ्यासाठी थांबून चहाचं पाणी करत होतं. त्या भल्या माणसांना डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. अक्का तो कढत चहा एका दमात का संपवतात, हे मला तेव्हा कळलं. पाहुणीने आधी कप रिकामा करायचा आणि घरच्यांना मोकळं करायचं. त्यानंतर ज्याचा थंड होईल तोच मोजायचा. इतकी वर्षं त्या जीभ पोळून घेत होत्या ती यासाठी. मी पहूरला दुसऱ्यांदा गेले, चटका सोसत बशा रिकाम्या केल्या आणि पहूरचा सगळा चहा गरम निघाला. माझी जीभ पुढचे चार दिवस कशाचीच चव सांगेना.

जळगाव शहरातही हाच प्रकार. लोकांना डबा माहीत होता, दहापैकी दहा गुणही मिळत होते आणि चहा मात्र भराभर संपत होता. आठवड्यामागून आठवडा गेला. शेऱ्याचा रकाना 'गरम, गरम' म्हणत होता. पुण्याच्या फोनवाल्यांकडे म्हणे जळगावात प्रचंड उत्साह सापडला होता आणि कंपनीने डब्याच्या स्वागताला जळगावातला मोठा हॉल ठरवूनही ठेवला होता. साहेबांनी अक्कांना सुचवलं, की तुमचेही आकडे त्याच्या जवळपास आले तर सगळ्यांचंच भलं होईल. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. चार 'हो' जास्त लिहिल्याने कुणाचं काय बिघडणार होतं? मी तसं अक्कांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "ऑफिस वाचावं असं मलाही वाटतं गं. पण खोटं मोजायचं असेल तर ऑफिस हवंय कशाला?"

धागा सापडला तो धुळ्यात. देवपुरात एका घरी कॉलेजातली मुलगी होती. तिला डब्याचं काही पडलेलं नव्हतं, पण ती वैतागून म्हणाली, की माझा भाऊ नरडाण्याला कंपनीत कामाला आहे, तो आणि त्याचे खोलीवाले हल्ली दुसरं काही बोलतच नाहीत. हे सांगता सांगता तिचा चहा संपला, पण अक्कांनी तिचा शब्द उचलला.

नरडाणा म्हणजे शिंदखेडा तालुक्यातली औद्योगिक वसाहत. रेल्वे स्टेशन, कारखाने आणि कारखान्यांत कामाला आलेली पोरं, भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारी. आमच्या सर्व्हेत ती कधीच यायची नाहीत. कारण पुण्याच्या नियमाप्रमाणे 'घर' म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, आणि या पोरांच्या खोल्यांत चूलच नव्हती. ती मेसचा डबा खायची. म्हणजे सरकारदरबारी माणसं, पण आमच्या टॅबवर नाहीत. अक्कांनी त्या दिवशी बसून नियमाचा नवा अर्थ लावला. एका मेसवर जेवतात ना? मग ते एक घर. कुटुंबप्रमुख कोण लिहायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वायफाय ज्याच्या नावावर असेल तो."

पण नरडाण्याला जायला त्या स्वतः तयार होईनात. त्यांचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. "माहेरच्या वाटेवर माझं माप ढळायचं," त्या म्हणाल्या. मग मी गेले.

कारखान्यांच्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे. पाळी सुटायच्या वेळी मी तिथे बाकड्यावर जाऊन बसले. पोरं आली. ताई, ताई करत त्यांनी जागा करून दिली आणि माझ्या चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. मी चहा घेतला, डोळे मिटले आणि एका दमात संपवला. मग विचारलं, की बाबांनो, टीव्हीवर खेळायचा एक नवा डबा येणार आहे म्हणे, काही माहीत आहे का?

त्यानंतर मला दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. एकाने मोबाईल काढला. दुसरा त्याच्या हातातून ओढून घेऊन मला दाखवू लागला. तिसऱ्याने जुना डबा आणि नवा डबा यांतला फरक जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावला. शिंदखेड्याकडचा एक उंच पोऱ्या होता, तो तर उठून उभाच राहिला. "आम्ही चारीजन मियीसन लेणार शेतस, ताई," तो म्हणाला. "टीव्ही मी माना गावथून आनेल शे. जुना शे, पन चालस." चौघे मिळून डबा घ्यायचा आणि ज्याची पाळी सुटेल त्याने खेळायचं, असं त्यांचं ठरलं होतं. कुणाची खोली, कुणाची वायर, सगळं वाटून झालं होतं. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून आलेल्या त्या चेहऱ्यांवर मी इतका आनंद पाहिला, की मला माझं काम आठवायला वेळ लागला. मग खाली बघितलं. बाकड्यावर कपांची रांग होती. एकूण एक कपावर साय धरली होती. टपरीवाला कुरकुरत होता, की हल्ली रोजच असं टाकून देतात.

मी शेऱ्याच्या रकान्यात त्या पोरांच्याच बोलीत लिहिलं, 'बठ्ठा चहा थंड'. सगळाच.

आमचा अहवाल गेला आणि पुण्याहून फोन आला. मी तिथेच होते. साहेबांचा गोडवा या वेळी जरा कमी होता. जळगाव शहरात तुम्हाला काही सापडत नाही आणि एका औद्योगिक वसाहतीत सगळा उत्साह सापडतो, हे कसं? आणि हा 'चहा थंड' काय प्रकार आहे? आमचा माणूस दोन दिवस तो कोड शोधतोय. मग ते थोडं थांबून म्हणाले, की अक्का, नरडाणा तुमच्या माहेराजवळ आहे असं कळलं.

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माहेर आहे म्हणूनच मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "हिला पाठवलं. हिचं माहेर भुसावळ. आणि साहेब, तुमच्या फोनवर लोक हो म्हणतात ते फोन ठेवायची घाई असते म्हणून. माझ्यासमोर हो म्हणतात ते मला रिकामं पाठवायचं नसतं म्हणून. मी दोन्ही हो गाळले. उरलं ते नरडाणा."

मग अक्कांनी थेट पैजच लावली. त्या म्हणाल्या, की डबा येईल त्या दिवशी हॉल जळगावात भरवा, मी आड येत नाही. पण एक टेम्पो, एक मोठा टीव्ही आणि विकायला डबे घेऊन नरडाण्यालाही पाठवा. तिथे कुणी फिरकलं नाही, तर ऑफिसला कुलूप मी माझ्या हाताने लावीन आणि किल्ली तुमच्या हातात देईन.

साहेब हो म्हणाले. अक्कांच्या कपाळाला आठी पडली, सवयीने. पण टेम्पो खरंच आला.

थंडी पडली होती. कापसाची वेचणी चालू होती, आणि नरडाण्याच्या स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत टेम्पो उभा होता. बाजू उघडलेली, आत भलामोठा टीव्ही, त्यावर रंगीत चित्रं नाचतायत आणि समोर खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा. साहेब स्वतः पुण्याहून आले होते, त्यांनी जळगावचा हॉल दुसऱ्यावर सोपवला होता. अक्का या कामात पहिल्यांदाच नरडाण्याला आल्या होत्या, कारण मोजणी आता संपली होती. पर्समध्ये कांद्याशेजारी ऑफिसची किल्ली होती. सकाळपासून तिथे एक शेळी आणि रेल्वेचे दोन हमाल सोडले तर कुणी आलं नव्हतं. जळगावहून मात्र फोनवर फोन येत होते, की हॉल तुडुंब भरलाय.

साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग अदबीने दुसरीकडे बघायचे. मी अक्कांच्या कानात म्हटलं, की आता काय? त्या म्हणाल्या, "पाळी सुटू दे." एवढंच. पण त्यांचा हात पर्समध्ये होता आणि तो कांद्यावर नव्हता, हे मला कळत होतं.

मग भोंगा झाला.

आधी सायकली आल्या. मग मोटारसायकली, एकेकीवर तिघे-तिघे. मग पायी येणारे, अंगावर कंपनीचे निळे शर्ट, हाताला ऑइल तसंच. रस्ता भरला. खुर्च्या भरल्या, मग खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या आणि माणसं उभी राहिली. कुणी हिंदीत ओरडत होतं, कुणी अहिराणीत. उंच पोऱ्या पहिल्या रांगेत होता. त्याने चौघांचे पैसे रुमालात बांधून आणले होते. पहिला डबा त्याने घेतला आणि डोक्यावर धरून तो असा वळला, की सगळ्या मैदानाने शिट्ट्या वाजवल्या. टेम्पोतले डबे संपत आले तेव्हा मागे उभे राहिलेले नाराज झाले आणि कंपनीच्या माणसाला उद्या पुन्हा टेम्पो आणतो असं कबूल करावं लागलं. धुळ्याचा एक पत्रकार स्टेशनवर भलत्याच कामाला आला होता, तो फोटो काढत सुटला. मला तर रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला जागाच नव्हती.

तेवढ्यात जळगावच्या हॉलमधून शेवटचा फोन आला. माणसं खूप आली होती. सगळ्यांनी डब्याचं तोंडभर कौतुक केलं, नाश्ता केला, दहापैकी दहा गुण दिले आणि घरी गेली. डबा जवळपास कुणीच घेतला नाही. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि ते अक्कांसमोर येऊन उभे राहिले. अक्कांनी पर्समधून किल्ली काढून वर धरली. माणूस दिलदार निघाला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. आणि ती चहाची रीत मला शिकवा, पुण्यातही चालवू."

"पुण्यात आधी चहा विचारतात का ते बघा," अक्का म्हणाल्या. ही थट्टा आहे हे या वेळी सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं.

ऑफिस राहिलं. पुढे धुळ्यालाही एक खोली घेतली, तिथे हल्ली मी बसते आणि कढत चहा पिण्यात माझं आता बऱ्यापैकी नाव आहे. पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

गर्दी थोडी हलली, तसा उंच पोऱ्या अक्कांना ओढत टेम्पोकडे घेऊन गेला. आजी, एक डाव खेळा, म्हणाला. कुणीतरी ओळख काढली होती, की ही बाई इथलीच, शेजारच्या गावची लेक. अक्का नको म्हणाल्या. त्यांचा नियम मी त्याला सांगू लागले, तेवढ्यात त्यांनी रिमोट हातात घेतलाही होता. पडद्यावर एक गाडी डोंगरातून धावत होती. अक्का ती रस्त्याच्या मधोमध चालवत होत्या. "सरका," त्या पडद्यावरच्या गाड्यांना ओरडल्या, आणि सगळं मैदान "सरका" म्हणून ओरडू लागलं. स्कार्फ गळ्यात आला होता, साडीचा पदर खोचलेला, आणि वळणावर गाडीबरोबर त्या स्वतःही कलत होत्या. गाडी आदळली, की त्या पुन्हा सुरू करायच्या. एक डाव झाला, मग दुसरा, मग मी मोजणंच सोडून दिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवडीनिवडी लिहिणारी ती बाई, पहिल्यांदाच स्वतःच्या आवडीत बुडालेली मी पाहत होते.

टपरीवाल्याने मघाशीच किटली आणून सगळ्यांना चहा दिला होता. अक्कांचा कप टेम्पोच्या फळीवर होता, बशीसकट. त्या थांबल्या तेव्हा दिवस कलला होता. त्यांनी कप बघितला. त्यावर जाड साय धरली होती. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. माहेरवाशीण पाहुणी अजून प्यायली नाही म्हणून ती सगळी पोरं भरलेले कप हातात धरून उभी होती.

अक्का त्या पोरांच्या कपांकडे आणि मग माझ्याकडच्या टॅबकडे बोट करून आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "ह्या नको लिखू. ह्या पाहुणचारना शेतस. माना तेवढा लिख."